मैत्रिणीला लेक झाली, तिला माझ्या बहिणीच्या साक्षगंधाचं कसं सांगू?

मदत हवी आहे. माझी शाळेपासूनची मैत्रीण माहेरी बाळंत झाली. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, अमरावतीला दवाखान्याचे खेटे घालून झालेली ही लेक. तिचं नि माझं माहेर दारव्हा तालुक्यातल्या एकाच गावात, मध्ये फक्त मारुतीचं देऊळ. मी सासरी, आर्वीकडे. कापूस फुटलाय, वेचायला बाया मिळत नाहीत, म्हणून बाळ अजून पाहिलं नाही.

अडचण वेगळीच आहे. तिच्या धाकट्या दिरासाठी माझ्या बहिणीला मागणी आली होती, तिनंच घातलेली. मुलगा चांगला. पण बहिणीला नोकरी सोडायची नव्हती. बाबांनी नकार कळवला तो तिसऱ्याच माणसाकरवी, आणि सासरी ऐकून घ्यावं लागलं ते हिला. माझ्याशी ती त्यावर एक शब्द बोलली नाही, तेच जास्त लागतं. आता बहिणीचं दुसरीकडे जमलंय. तुळशीच्या लग्नानंतर साक्षगंध, आणि बारसं त्याच आठवड्यात! बारशाला तिचं सासर येणार आणि समोर आमच्या दारात मांडव.

आई म्हणते, बाळंतिणीला आत्ता सांगू नको. मला पटत नाही. गावात निरोप फिरले की तिला चक्कीवर दळणाला आलेली कोणीतरी सांगेलच. म्हणून हे लिहून ठेवलंय:

"पोरगी झाली म्हणे! कोनावर गेली थे आंधी सांग. टाके दुखते का? येचनी आटोपली का येतो पाहाले. अन् एक, बहिनीचं जमलं. दुसऱ्याच्या तोंडून कळू नये म्हनून सांगून रायली."

"अन् एक"च्या पुढचं सगळं नडतं. अभिनंदन नुसतं निमित्त वाटतं. वेगळं पाठवू? आणि नेऊ काय? बाळंतविडा तिची आई करेलच, झबली-टोपरी ढीगभर येतात. मी डिंकाचे लाडू म्हणते.

प्रतिसाद: ताई, आज फक्त लेकीचं लिहा. साक्षगंधाचं समोर बसून सांगा, तिची सासू यायच्या आधी. नकाराचं खरं कारणही सांगा. तिला सासरी द्यायला उत्तरच नव्हतं, म्हणून ती गप्प असेल.

प्रतिसाद: मी अंगणवाडीत आहे. लाडू न्याच, पण सरकारच्या 'लेक लाडकी' योजनेचंही कानावर घाला. रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असेल तर १ एप्रिल २०२३ पासून जन्मलेल्या मुलीला जन्मल्यावर ५ हजार, पहिलीत ६, सहावीत ७, अकरावीत ८ आणि १८ वर्षं पूर्ण झाली की ७५ हजार मिळतात. अर्ज अंगणवाडीतच द्यायचा. आधी जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करा म्हणावं. नाव ठरलं नसलं तरी नोंद होते, बारशासाठी थांबू नका.

धागाकर्ती: दोघींचेही आभार. "अन् एक"च्या आधीचं तेवढं पाठवलं. लगेच उत्तर आलं: "नाक आमच्याकडचं, रडनं सासरकडचं." रेशनकार्ड केशरीच आहे, तेही विचारून घेतलं. रविवारी जाते. नकाराचं कारण सांगायची परवानगी बहिणीला मागितली, तर ती म्हणते मीच येते सोबत, मीच सांगते. नेऊ का तिला? की पहिल्यांदा एकटीच जाऊ?