अनुभव धागा: कोचच्या खिडकीतून नेदरलँड्स

ॲमस्टरडॅमचे कालवे आणि ट्यूलिपच्या बागा यांवर आपल्याकडे उदंड लिहून झालंय, म्हणून इथे ते दोन्ही बंद! गाइडसोबत बसने चार-आठ दिवस डच गावं-खेडी हिंडला असाल, तर तिथलं काय डोक्यात राहिलं ते लिहा. फजितीही चालेल. सुरुवात मी करते.

मे महिन्यात मी आणि नवरा सात दिवसांच्या टूरला गेलो. निघताना जाऊबाई म्हणाल्या, "एवढा सपाट देश, बसमधून बघणार काय?" मलाही तीच धास्ती होती. तिसऱ्या दिवशी अफ्सलाउटडाइक लागला. 32 किलोमीटरचा सरळसोट बांध आणि त्यावरून रस्ता. गंमत म्हणजे बसमधून समुद्र दिसतच नाही! डावीकडे गवताची भिंत, उजवीकडे तळ्याचं गोडं पाणी. मधल्या स्मारकापाशी उतरून वर चढलो तेव्हा दोन्ही पाणी एकदम दिसलं. 1932 साली बांधातली शेवटची फट इथेच बुजवली आणि झाउडरझे नावाच्या समुद्राचं तळं झालं. वारा असा की नवऱ्याची टोपी त्या तळ्यात गेली.

दुपारी स्खोकलंड. हे पूर्वीचं बेट. समुद्र किनारा कुरतडत होता म्हणून 1859 मध्ये राजाच्या हुकमाने लोकांना घरं सोडावी लागली, आणि 1942 पर्यंत भोवतालचं पाणीच उपसून टाकलं. आता जुनं बंदर आहे, धक्का आहे आणि त्याच्या पुढे शेतं. बेट तिथेच आहे, समुद्र उठून गेलाय. गाइडबाईंनी माहिती सांगणं थांबवलं आणि अर्धा तास आम्हाला नुसतं हिंडू दिलं. त्यांचं हे मला फार आवडलं.

*

फजिती म्हणताय तर घ्या. हायवेवरच्या पंपावर स्वच्छतागृहाला पैसे पडतात. माझ्या हातात पन्नास युरोची नोट आणि मागे आमच्याच बसमधल्या दहा बायका. शेवटी एका अनोळखी आजोबांनी नाणं काढून दिलं. सुट्टे ठेवा, एवढंच सांगते.

*

मी वेंगुर्ल्याचा. होर्न गावात गाइड सांगत होता की डच ईस्ट इंडिया कंपनी 1602 ची, तिच्या सहा शाखा, त्यातली एक इथे. मी हात वर करून म्हटलं, "तुमच्या कंपनीची वखार आमच्या गावात आहे, पडझड झालेली." त्याला वाटलं मी मस्करी करतोय. मग समजावलं की पोर्तुगीजांच्या गोव्यावर नजर ठेवायला आमचं बंदर सोयीचं होतं. त्याने वहीत गावाचं नाव लिहून घेतलं, तेही 'विंगुर्ला' असं. जुन्या डच कागदांतही असंच सापडतं!

चौकात यान पीटरझून कून याचा पुतळा आहे, तो इथलाच. 1621 मध्ये जायफळाच्या मक्तेदारीसाठी त्याने बांदा बेटांवर कत्तल करवली. (आमचा सावंतवाडीजवळचा बांदा नव्हे, इंडोनेशियातला.) पुतळा ठेवावा की हलवावा यावरून तिथे वाद होत आलेत. आमच्या परसात जायफळाची दोन झाडं आहेत. आई सालींचं लोणचं घालते. पुतळ्याखाली उभा राहून मला ते लोणचंच आठवत होतं. गाइडने काही झाकलं नाही, सगळं सरळ सांगितलं, याचं मला बरं वाटलं.

*

माझं मत जरा कडू आहे. गीटहोर्नला आम्हाला पाऊण तास दिला. जुन्या गावात रस्ते नाहीत, कालवे आणि लाकडी पूल आहेत, सुंदरच आहे. पण पाऊण तासात रांगेत उभं राहून बॅटरीची बोट घेतली, ती दुसऱ्याच पुलाला ठोकली, आणि परत फिरलो. टूर मॅनेजरला दोष द्यावा तर ड्रायव्हरचे नियम कडक. साडेचार तास चालवलं की पाऊण तास विश्रांती घ्यावीच लागते. मग तीच विश्रांती आपली 'साइटसीइंग'! शक्य असेल तर अशा गावात मुक्कामच करा.

*

माझा जन्म 1953 चा, पुण्याचा. पानशेत फुटलं तेव्हा आठ वर्षांची होते. घरातल्या गाळाचा वास अजून विसरले नाही. म्हणून झेलंडमधल्या औवेरकेर्कच्या पूर-संग्रहालयात जायचं नाही असं ठरवलं होतं. मुलगी म्हणाली, "आई, बसमध्ये एकटी बसून राहू नकोस." गेले.

31 जानेवारी 1953 च्या रात्री वादळाने बांध फोडले. 1,836 माणसं गेली. ते संग्रहालय इमारतीत नाहीच. बांधाचं शेवटचं भगदाड बुजवायला ज्या काँक्रीटच्या अजस्र पेट्या बुडवल्या, त्यांच्याच पोटात आहे. आत गार आणि अंधार. एका पेटीत जमिनीवर मृतांची नावं प्रकाशात उमटत राहतात. त्या मांडणीचं नावच '1835+1'. तो एक म्हणजे त्याच रात्री जन्मलेलं, नोंद न झालेलं बाळ.

दुसऱ्या दिवशी ऑस्टरस्खेल्डेवरचं नऊ किलोमीटरचं धरण पाहिलं. एरवी 62 दरवाजे उघडे, भरती-ओहोटी चालू, आणि वादळ आलं की बंद. सगळे फोटो काढत होते. मी दरवाजे मोजत होते. चाळीसनंतर चुकले.

*

कोणी लिंबुर्गला जाणार असाल तर फाल्सचा 'पर्वत' चुकवू नका. उंची 322 मीटर. आमच्या ग्रुपमधल्या अकोल्याच्या काकांनी वर पोचताच "कळसूबाई 1646" असं ओरडून दाखवलं.

*

आमचा ड्रायव्हर सुरिनामी होता (सुरिनाम म्हणजे दक्षिण अमेरिकेतली पूर्वीची डच वसाहत). पणजोबांचे वडील बिहारमधून तिकडे मजुरीच्या करारावर गेलेले. अशी पहिली बोट 1873 ची. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास याचे आईवडील नेदरलँड्सला आले. माझी मुंबईची हिंदी आणि त्याची सरनामी, दोन्ही मोडक्या पण गाडी चालली. हेगमध्ये कार्यक्रमाप्रमाणे राजवाडा बघायचा होता. तो बाहेरून बघून झाल्यावर त्याने गाइडच्या कानात काही सांगितलं आणि आम्ही सगळे एका लहानशा रोटीच्या दुकानात. मऊ रोटी, आत डाळीचं सारण, सोबत बटाटा आणि चवळीच्या लांब शेंगा. उडदाचा वडा, त्याला ते 'बारा' म्हणतात. आठ दिवस चीज सँडविच खाल्लेल्या आमच्या सासूबाईंनी तीन बारा खाल्ले आणि ड्रायव्हरला विचारलं, "बाळा, शेंगांना फोडणी कसली रे?" तो म्हणाला, आजीला फोन लावून सांगतो. खरंच लावला.