नवोदयच्या तयारीसाठी मराठीतल्या सराव प्रश्नपत्रिका हव्यात

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात सरकारी मराठी शाळेवर शिकवतो. पाचवीची पोरं यंदा नवोदयला, म्हणजे नवोदय विद्यालयाच्या सहावीच्या प्रवेश परीक्षेला बसतायत. पेपर 80 प्रश्नांचा, वेळ 2 तास, त्यात 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे. तिथंच गाडी अडते. दुकानातला हिशेब तोंडी चोख सांगणारी मुलगी आरशातली आकृती आली की पेन खाली ठेवते. शिवाय ओएमआरवर, म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेवर, एक गोल चुकला की खालचे सगळे सरकतात. हुशारीत ही पोरं कुठंच कमी नाहीत हो, पण असा पेपर त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. कोणाकडे मराठीतल्या जुन्या प्रश्नपत्रिका, कोरे ओएमआर कागद आहेत का? निपाणी-चिकोडीकडच्या शिक्षकांनो, आकृत्या कशा शिकवता तेही सांगा. बेळगावात येऊन घेऊन जाईन.