सिलॅबल : अक्षर की ठोका?

विचारणा : भाची चौथीपर्यंत मराठी शाळेत होती, यंदा पाचवीपासून सगळे इंग्रजीत. 'फोटोग्राफी'चे सिलॅबल, म्हणजे उच्चारातले तुकडे, तिने फो-टो-ग्रा-फी असे पाडले. चार बरोबर आले, पण वाचन चुकले असे शाळेत म्हणाले. सिलॅबलला 'अक्षर' म्हणू का? आणि चुकले काय?

उत्तर : छंदशास्त्रात 'अक्षर' चालते. पण मुलांना अक्षर म्हटले की वहीत लिहितो तेच आठवते. 'घर' लिहिताना दोन, बोलताना एकच, घर्. 'सरकार' लिहून चार, बोलून दोन, सर्-कार्. इंग्रजी 'स्ट्रेंग्थ' देवनागरीत एवढे लांबलचक, तरी ठोका एकच. म्हणून घरी मी 'ठोका'च म्हणते. हनुवटीखाली तळवा धरायचा आणि शब्द सावकाश म्हणायचा. जबडा जितक्यांदा खाली येईल तितके ठोके.

आता जोर, म्हणजे आघात. खरी अडचण इथेच आहे. आपण चारही स्वर सारखेच पुरे म्हणतो. इंग्रजीत एक ठोका उचलला की शेजारचे स्वर आक्रसून 'अ'सारखे होतात. चतुर्थीच्या आरतीला घुमट, ते मातीचे वाद्य, ऐका, सगळ्या थापा सारख्या नसतात, तसेच हे. 'फोटोग्राफ'मध्ये जोर पहिल्या ठोक्यावर. 'फोटोग्राफी'त तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द फ-टॉ-ग्र-फी असा ऐकू येतो. 'फोटोग्राफिक'मध्ये तिसऱ्यावर, फो-ट-ग्रॅ-फिक. भाचीने ठोके बरोबर मोजले, फक्त 'टॉ' उचलला नाही.

लांब शब्दांत शेपटी बघावी. शेवटी शन, इक किंवा इटी असेल तर जोर बहुधा तिच्या लगेच आधीच्या ठोक्यावर : एज्युकेशनमध्ये 'के', युनिव्हर्सिटीत 'व्हर्'. अपवाद आपल्या गोव्यात रोज कानावर पडतो, 'कॅथलिक'. त्यात जोर पहिल्यावरच. आणि 'हॉटेल'! आपण 'हॉ' दाबतो, इंग्रजीत जोर 'टेल'वर.

पुन्हा विचारणा : मग जुनी माणसे 'बाल्कांव' (घरापुढचा बसायचा सोपा) म्हणताना शेवट ओढतात, ते?

उत्तर : तो पोर्तुगीजचा आघात. मूळ शब्दात जोर शेवटच्याच ठोक्यावर आहे. भाचीला आधी हाच शब्द म्हणायला लावा, घरातलाच आहे. मग 'हॉटेल' द्या.