मदत हवी आहे: भावासाठी क्लोझापीनचा निर्णय

माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षांपासून स्किझोफ्रेनिया आहे. आधी रिस्पेरिडोन दिलं. संशय कमी झाला, पण हात थरथरायचे, अंग ताठ व्हायचं, आणि कुणी नसताना कानात ऐकू येणारे आवाज काही थांबले नाहीत. मग ओलान्झापिन. त्याने झोप लागली, चिडचिड गेली. पण वर्षभरात वजन १४ किलोंनी वाढलं, साखरही वाढली. आवाज आजही येतातच.

दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस देऊनही गुण आला नाही, म्हणून डॉक्टर आता क्लोझापीन सुचवताहेत. अशा रुग्णांसाठी तेच सगळ्यात प्रभावी, आत्महत्येचा धोकाही त्याने कमी होतो, असं त्यांनी समजावलं. पण पांढऱ्या पेशी धोकादायकरीत्या घटू शकतात, म्हणून सुरुवातीचे काही महिने दर आठवड्याला रक्त तपासावं लागेल. सुईला तो फार घाबरतो. शिवाय वजनाचा प्रश्न याही औषधाने सुटणार नाही.

ज्यांच्या घरी कुणी क्लोझापीन घेतंय, त्यांनी कृपया सांगा: आवाज कमी व्हायला किती काळ लागला? लाळ गळणं, गुंगी, बद्धकोष्ठता कशी सांभाळली? (बद्धकोष्ठता हलक्यात घेऊ नका, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलंय.) तो सिगारेट ओढतो, अचानक सोडली तर रक्तातलं औषध वाढतं म्हणे, त्याचा अनुभव कुणाला आहे का?

आणि एक. आवाज गेल्यावर तुमचं माणूस पुन्हा आपणहून बोलायला लागलं का? आईला सगळ्यात जास्त तेच हवंय.