मदत हवी आहे: ई-सायकल आहे, आता व्यायामासाठी बिनमोटरची कोणती घ्यावी? (बडोदे, सपाट रस्ते)

मंडळी, नमस्कार.

मी बडोद्याचा, दांडिया बाजारात राहतो. वय ४७, उंची पाच फूट आठ. दोन वर्षांपूर्वी ऑफिसला जायला ई-सायकल घेतली. मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) जाऊन-येऊन १५-१६ किलोमीटर होतात, घाम न येता टेबलावर बसता येतं. त्या कामाला ती झकास आहे, विकायची नाही. पण विकणाऱ्याने "व्यायाम पण होऊन जाईल साहेब" म्हणत गळ्यात मारली होती, तो काही झालेला नाही. मोटर चालू असली की पाय नुसते गोल फिरतात.

"मग बंद करून चालवा ना," हे बायकोने सांगून झालंय. करूनही झालंय. बावीस किलोचं धूड आणि जाड टायर, चार किलोमीटरवर बोट आपोआप बटणाकडे जातं. बटण हाताशी आहे तोवर मी ते दाबणार, एवढं मी स्वतःला ओळखतो.

त्यात यंदाच्या तपासणीत साखर काठावर आली. डॉक्टरांनी आठवड्याला निदान दीडशे मिनिटं धाप लागेल असं काहीतरी करायला सांगितलंय. जिमची फी मी आयुष्यात तीनदा भरली आहे, गेलो किती दिवस ते विचारू नका. सकाळी साडेपाच ते सात हा वेळ माझा. आठवड्यात तीन-चार दिवस अकोटा, जुना पादरा रोड, भायली अशी २० किलोमीटरची फेरी आणि रविवारी सिंधरोटला मही नदीच्या काठापर्यंत, असा बेत आहे. रस्ता ताटासारखा सपाट. चढ म्हणाल तर रेल्वेवरचे पूल, बस्स.

आता प्रश्न. सपाट रस्त्याला गिअर लागतात का? बिनगिअरची सायकल हलकी, स्वस्त आणि बिघडायला त्यात काही नाही, म्हणून मन तिकडे ओढतंय. मुलगा म्हणतो वाकड्या हँडलची रोड बाईकच घ्या बाबा. दुकानदार पुढे सस्पेन्शनवाली जाड टायरची एमटीबी (माउंटन बाईक) सरकवतो. बजेट २५ हजार, ताणून ३०. उजवा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो. सायकल रोज तिसऱ्या मजल्यावर चढवायची आहे, लिफ्ट नाही. (हाही व्यायामच, पण तो मोजू नका.)

प्रतिसाद १

एमटीबी आधी यादीतून काढा. त्या किमतीतलं सस्पेन्शन म्हणजे दोन-अडीच किलोचं ओझं, आणि तुम्ही मारलेल्या जोरातला काही ते स्प्रिंगच खातं. तिसरा मजला आठवा.

रोड बाईक वाईट नाही, पण ४७ व्या वर्षी पहिल्याच दिवशी इतकं वाकलात तर मान आणि कंबर दोन्ही बोलायला लागतील. तुम्हाला हायब्रिड हवी: सरळ हँडल, पुढचं चाक धरणारा साधा कडक फोर्क (म्हणजे स्प्रिंग नको), ७००सी मापाची मोठी चाकं, ३२ ते ३८ मिलिमीटरचे टायर. डिस्क ब्रेकसाठी जादा पैसे मोजू नका, सपाट रस्त्याला रिमला दोन्हीकडून चिमटणारे चांगले व्ही-ब्रेक पुरतात आणि पॅड कुठेही मिळतात.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण गिअरबद्दल कोणी बोललं नाही. आपल्याकडे चढ नाही हे खरं, पण वारा आहे. मे-जूनमध्ये नैर्ऋत्येचा वारा सुटला की सिंधरोटला जाताना घाट चढल्यासारखं होतं. बरं, घाट कधीतरी संपतो.

हिशेब सांगतो. बिनगिअरच्या सायकलला पुढे ४६ आणि मागे १८ दाते असतील तर पेडलच्या एका फेरीत साधारण साडेपाच मीटर जाता. मिनिटाला ७० फेरे मारले तर ताशी २३ किलोमीटर, छान. समोरून वारा आला आणि वेग १६ वर आला की फेरे पन्नासाच्या खाली जातात. प्रत्येक फेरीला गुडघ्यावर जोर येतो आणि तुमचा गुडघा आधीच तक्रार करतोय. गिअर असेल तर वेग तोच ठेवून फेरे ८० वर नेता येतात. धाप लागते, गुडघा वाचतो. तुम्हाला धापच हवी आहे ना?

मात्र २१ गिअरच्या नादी लागू नका. तीन गुणिले सात, त्यातले निम्मे एकमेकांचीच नक्कल असतात आणि पुढचा डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा) हे कायमचं दुखणं. पुढे एकच चक्र आणि मागे सात-आठ, एवढं बडोद्याला पुष्कळ झालं.

आणि सीटची उंची! निम्म्या लोकांचे गुडघे यातच जातात. सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला पाहिजे. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात आपोआप थोडा बाक येतो.

प्रतिसाद ३

सगळे सायकलवर बोलताय, काट्यांवर कोणी नाही! भायलीच्या पुढे रस्त्याच्या कडेला गांडो बावळ (वेडी बाभूळ) माजलाय. काटा बोटाच्या पेरापेक्षा लांब, आणि वाळला की खिळाच. मी हौसेने २५ मिलिमीटरचे बारीक टायर घेतले होते, पहिल्या महिन्यात चार पंक्चर. एकदा वासणाच्या अलीकडे हवा गेली. पंक्चरवाल्या काकांनी माझ्या ट्यूबचा तो किडकिडीत फ्रेंच व्हॉल्व्ह दोन बोटांत धरला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आ शुं छे, भाई?" त्यांच्या पंपाला तो बसेना. चार किलोमीटर सायकल हातात धरून चालत आलो.

तेव्हा एकतर स्कूटरसारखा जाड व्हॉल्व्ह असलेलीच सायकल बघा, किंवा वीस-तीस रुपयांचा पितळी अॅडॉप्टर कायम व्हॉल्व्हवरच लावून ठेवा. टायर ३५ च्या खाली नको. एक जादा ट्यूब, दोन टायर-लिव्हर आणि छोटा पंप सीटखालच्या पिशवीत. मोटर नाही म्हणजे घरी ओढून आणणाराही कोणी नाही.

जानेवारीतलंही सांगून ठेवतो. उत्तरायणाच्या आधी पंधरा दिवस मांजा गळ्याशी येतो. स्कूटरवाले हँडलला तारेची कमान लावतात तशी सायकललाही लावून घ्या, सरळ हँडलवर ती नीट बसते. गळ्याला जाड मफलर. थंडी असतेच.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. प्रतिसाद २ वाचला आणि वाटलं, पैसे घालण्याआधी बिनगिअरचं एकदा खरं करून बघू. माळ्यावर बाबांची काळी सायकल होती, डायनॅमोसकट. उतरवली. वाल-ट्यूबचं रबर विरघळून चिकट झालं होतं, ते बदललं, चेनला तेल घातलं. बाबा (वय ७९) खुर्ची टाकून शेजारी बसले होते. "ब्रेकचे दांडे आधी बघ" एवढंच म्हणाले.

दाते मोजले: पुढे ४४, मागे १८. म्हणजे तुमच्या हिशेबातल्या सायकलीपेक्षा किंचित हलकीच. पाच दिवस चालवली. सकाळी सहाला वारा पडलेला असताना मजा येते, मिनिटाला साठेक फेरे आणि १९-२० चा वेग, सहज. गुरुवारी उशिरा निघालो आणि परतताना साडेआठ वाजले. समोरून वारा, पुढे पूल. उभा राहून पेडल मारलं तेव्हा उजव्या गुडघ्यात कट्ट झालं आणि उरलेला पूल हातात धरून चढलो. तेव्हा बिनगिअरचा नाद सोडला. मुलाच्या रोड बाईकलाही नकार, त्याला काटे कारण पुरलं.

पण एक सांगू? त्या पाच दिवसांत जितका घामाघूम झालो तितका दोन वर्षांत झालो नव्हतो. बटण नाही म्हटल्यावर हात जाणार कुठे!

तर आता ठरलंय: हायब्रिड, पुढे एक आणि मागे आठ, साधा फोर्क, ३५ चे टायर. दुकानात दोन मापं चालवून पाहिली. एममध्ये पाय छान टेकतात, पण हँडल जवळ वाटतं. एलमध्ये हात सुटसुटीत, पण उतरून उभं राहिल्यावर आडवा दांडा जेमतेम बोटभर खाली. दुकानदार म्हणतो एल घ्या, सवय होईल. एल त्याच्याकडे शिल्लक आहे आणि एम मागवावी लागेल, म्हणून सल्ल्यावर माझा विश्वास बसेना.

पाच-आठच्या आसपास उंचीचे कोणी हायब्रिडवाले बडोद्यात आहेत का? रविवारी सकाळी सहाला मी अकोटा-दांडिया बाजार पुलावर, सोलर पॅनलच्या सावलीत थांबतो (सावली सहाला नसते, कळलं). तुमची सायकल दहा मिनिटं द्या. नंतर सेव-उसळ माझ्याकडून.

प्रतिसाद २

एम घ्या, पुढची स्टेम (हँडल धरणारा तुकडा) एक सेंटीमीटर लांब लावून मिळते. रविवारी येतो. सेव-उसळीची साखर मात्र तुम्ही धरा, तर्री मी घेतो.