मदत हवी आहे: गोल्फ ग्रीनचा स्लोप काढलाय, होल कुठं बसवायचं?

मंडळी, मी सोलापुरात सर्व्हेची कामं घेतो, लेआउट, शेततळी, रस्त्याच्या लेव्हल वगैरे. होटगी रोडला एका पार्टीनं फार्महाऊसवर हौसेनं गोल्फचं ग्रीन (होल असतं ती बारीक कापलेल्या गवताची जागा) केलंय (इथल्या मे महिन्यात ते गवत कसं जगवणार त्यांनाच ठाऊक) आणि होल आलटून पालटून ठेवायला त्यांना चार-पाच जागा मार्क करून पाहिजेत.

आधी ड्रोन उडवला, क्यूजीआयएसमध्ये (नकाशाचं सॉफ्टवेअर) 10 सेंमी सेलचा, म्हणजे चौकोनाचा, स्लोप मॅप काढला तर गोवर उठल्यासारखे नुसते लाल (जास्त उताराचे) ठिपके, सलग हिरवी (कमी उताराची) जागा कुठं दिसेना. मग ऑटो लेव्हल (उंची मोजायची दुर्बीण) लावून मीटर-मीटरवर स्टाफ (मापाची उभी पट्टी) धरला, त्यात मागची बाजू 2 टक्क्यांच्या आत येतीय, म्हणजे मीटरला 2 सेंमी, कागदावर एकदम झकास. पण वरून बॉल हलका ढकलला की होलसाठी मारलेल्या चुन्याच्या खुणेपाशी जरा रेंगाळतो, वाटतं थांबला, आणि तिथनं डावीकडं वळून जो सुटतो तो थेट कडेच्या उंच गवतात. सगळे 3 टक्क्यांपर्यंत चालतं म्हणतात, मग हे काय? कुठला मॅप खरा धरू, आणि होलभोवती किती जागा लागते?

प्रतिसाद 1: एकही नका धरू. स्लोप टूल शेजारचे सेल बघतं, 20 सेंमीत ड्रोनची उंची 1 सेंमीनं चुकली तरी 5 टक्के उतार फुकटचा दिसतो. उलट मीटरच्या ग्रिडमध्ये दोन रीडिंगमधला फुगवटा गायब होतो. खऱ्या 2 टक्क्यांवर बॉल असा पळत नाही ओ, थोडा लांब जाऊन थांबतो, तुमच्या खुणेजवळ उतार नक्की अचानक बदलतोय. डीईएम (ड्रोनवरून काढलेला उंचीचा नकाशा) स्मूथ करून 50 सेंमीवर आणा, त्यातनं निवडलेल्या जागी दोन फुटी डिजिटल लेव्हल चारी बाजूंनी फिरवा. होल 108 मिमीचं असलं तरी भोवती दोन-तीन फूट उतार एकसारखा पाहिजे, अगदी सपाट नसला तरी चालेल, आणि कडेपासून चार पावलं आत.

प्रतिसाद 2: 3 टक्के हा आकडा ग्रीनच्या स्पीडवर (बॉल त्यावर किती लांब घरंगळतो त्यावर) आहे. गवत बारीक कापून ग्रीन फास्ट केलं की तीच जागा बाद होते. स्टिम्पमीटरनं (हा स्पीड मोजायची खाचेची पट्टी, तिच्यावरून बॉल सोडतात) दोन्ही दिशांनी बॉल सोडून सरासरी घ्या. किती फूट येतंय ते इथं टाका, मग कट-ऑफ ठरवू.