९४ किलो वजन, रोजची टेकडी, ५५ हजार बजेट : कोणती हार्डटेल सायकल टिकेल?

वारजेकर

मंडळी, सल्ला हवाय. वय ३६, उंची पाच फूट अकरा, वजन ९४. राहायला वारजे. आठवड्यात सकाळी एआरएआय संस्थेच्या बाजूने वेताळ टेकडी, रविवारी खडकवासला-डोणजे करत सिंहगडाचा पायथा आणि अंगात दम असला तर वर. पावसाळ्यात पानशेत रोड.

सध्याची सायकल २१ गिअरची, दुकानात ‘एमटीबी’ (माउंटन बाइक) म्हणून घेतलेली. मागचा एक्सल (चाकाचा आस) परत वाकलाय. मागच्याच चाकाचे स्पोक तुटतात, तेही नेहमी चेनच्या बाजूचे. खाणीकडून उतरताना पुढचा शॉकअप खट्ट करून तळाला आपटतो. दुकानदाराचं एकच उत्तर, “साहेब, तुमचं वजन जास्त आहे.”

आता नवीन घ्यायची आहे. ५५ हजारांच्या वर जाता येणार नाही. उड्या मारायच्या नाहीत, पण दगडधोंड्यांतून गेलेली सायकल धड घरी आली पाहिजे. चाक २७.५ इंची घेऊ की २९? गिअर किती हवेत? ॲल्युमिनियम की स्टील? आणि माझ्या वजनाला हार्डटेल, म्हणजे फक्त पुढेच शॉकअप असलेली, चालेल ना?

पुणे_दरवाजा

सेकंडहँड बघा. लोक उत्साहाने घेतात आणि बाल्कनीत ठेवून देतात. तुमच्या बजेटमध्ये नव्यापेक्षा एक पायरी वरची मिळून जाईल. बघायला जाताना स्टीलची पट्टी न्या. चेनच्या एका पिनेच्या मध्यापासून बारा इंच मोजा, पुढची पिन बरोबर रेघेवर आली पाहिजे. इंचाचा सोळावा भाग पुढे गेली असेल तर चेन बदलायला झालीय. त्याहून जास्त सरकली असेल तर मागची चक्रंही गेली समजा आणि तेवढी किंमत कमी करून मागा. हेडट्यूबच्या (हँडलखालच्या पुढच्या नळीच्या) वेल्डिंगखाली फडक्याने पुसून बघा, केसाएवढी जरी चीर दिसली तरी व्यवहार सोडून द्या. रंग उडालाय म्हणून घाबरू नका.

चाकबांधणी

वारजेकर, ९४ किलो हे काही एक्सल वाकण्याएवढं वजन नव्हे. माझी उभी नोकरी चिंचवडला टूलरूममध्ये गेली, आता घरी चाकं बांधतो. तुमच्यासारखी तक्रार घेऊन येणाऱ्यांत ६५ किलोवालेही असतात. दोष हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, रचनेत आहे, तो नीट समजून घ्या, म्हणजे नवीन घेताना कोणी फसवू शकणार नाही.

तुमच्या २१ गिअरवालीसारख्या, मागे ७ चक्रांच्या स्वस्त सायकलीला फ्रीव्हील असतं. चक्रांचा अख्खा गठ्ठा हबवर आट्यांनी आवळलेला. त्यामुळे बेअरिंगचे उजवीकडचे छर्रे गठ्ठ्याच्या आतल्या बाजूला, म्हणजे बरेच डावीकडे बसतात. तिथून फ्रेमच्या खाचेपर्यंत एक्सलला मध्ये कुठेच आधार नाही. दगडावरून चाक खाली आलं की सगळा दणका त्या उघड्या दांड्यावर. तो वाकणारच. फ्रीहबमध्ये उजवीकडचे छर्रे थेट बाहेरच्या टोकाजवळ असतात, आधार फ्रेमला खेटून मिळतो. त्यावर चक्रांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, सरकवून बसवतात. मागे ८ चक्रांपासून पुढे बहुतेक कॅसेटच मिळते, पण ८ चं फ्रीव्हीलही बाजारात आहे, म्हणून सेल्समनच्या शब्दावर जाऊ नका. चाक काढून हातात घ्या, चक्रं उलटी फिरवा आणि मध्यभागी हत्यार बसवायच्या खाचा असतात तिकडे बघा. खाचा चक्रांबरोबर फिरल्या तर कॅसेट. खाचा जागेवर थांबल्या आणि चक्रं नुसती भोवती फिरली, तर फ्रीव्हील. ती सायकल तुमच्यासाठी नाही, मग रंग कितीही छान असो.

आता स्पोक. चेनच्या बाजूला चक्रांना जागा द्यायची म्हणून तिकडचे स्पोक जास्त उभे बसतात आणि त्यांच्यावर ताण डावीपेक्षा जास्त असतो. कारखान्यातून आलेली चाकं बरेचदा सगळीकडूनच सैल असतात. सैल स्पोक चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला ढिला पडतो, परत ताणला जातो आणि हबपाशी जिथे वाकवलाय तिथे थकून तुटतो. वजनाने तो एका झटक्यात तुटत नाही, आधी महिनोन्‌महिने थकलेला असतो. तुटलेला एक बदलून नुसता आउट (चाकाचा वाकडेपणा) काढला की शेजारचा जातो, कारण तोही तेवढाच थकलेला. माझ्याकडे असं चाक आलं की त्या बाजूचे सगळेच नवे घालतो.

म्हणून नवी सायकल घेतली की आधी दोन्ही चाकं सारख्या ताणावर आणून घ्या. दोन-दोन स्पोक मुठीत दाबून बघा, एका बाजूचे सगळे हाताला सारखेच कडक लागले पाहिजेत. चाकाला ३२ स्पोक आणि रिम डबल वॉल (दुहेरी भिंतीची), यात तडजोड नको. हे काम करणारा माणूस दुकानात नसेल तर बाहेर शोधा, पण करून घ्याच. दणकट सायकल म्हणजे निम्मी दणकट चाकं, आणि कॅटलॉगमध्ये त्यांच्याबद्दल धड एक ओळ नसते.

शॉकअप. स्वस्त चिमट्यात (फोर्कमध्ये) लोखंडी स्प्रिंग असते, ती मध्यम वजनाच्या माणसासाठी दिलेली. वरची प्रीलोडची चकती फिरवून स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीच थोडी दाबली जाते. तुम्हाला तळ लागतो तो यामुळे. एअर फोर्कमध्ये स्प्रिंगऐवजी हवा असते, शॉक पंपाने आपल्या वजनापुरती हवा भरता येते. १२० मिमीचा फोर्क असेल तर सगळा जामानिमा घालून सायकलवर बसल्यावर २४ ते ३० मिमी दबला पाहिजे. नळीवर रबरी रिंग असते, नसेल तर एक केबल टाय सैलसर बांधा आणि मोजा. तुमच्या बजेटमध्ये एअर मिळाला तर बाकी एखादी गोष्ट सोडून द्यायला हरकत नाही. नाही मिळाला, तर निदान हेडट्यूब टेपर्ड आहे ना हे बघा, वरून अरुंद आणि खाली रुंद. पुढेमागे एअर फोर्क घ्याल तेव्हा चांगले बहुतेक टेपर्डच मिळतात. सरळ नळीच्या फ्रेमला पर्याय फार थोडे.

बाकीचं थोडक्यात. ब्रेक हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावरचे) डिस्क, शिमानोचे साधे एमटी२०० सुद्धा पुरतात. पुढची डिस्क १८० मिमीची असेल तर तुमच्या वजनाला आणि सिंहगडच्या उताराला बरं. २९ घ्या, उंची आहे, दगडांवरून सहज जातं. ॲल्युमिनियमच घ्या, या किमतीत चांगली स्टील हार्डटेल शोधत बसण्यात अर्थ नाही. आणि हार्डटेलच बरोबर आहे. मागे सांधे नाहीत, बेअरिंगं नाहीत, पावसाळ्यानंतर खर्चही नाही.

फ्रेमवर किंवा सोबतच्या पुस्तकात ‘कंडिशन ३’ असं एएसटीएम या मानकसंस्थेचं वर्गीकरण दिसतं का बघा. खडबडीत पायवाटा, छोटे अडथळे आणि जास्तीत जास्त ६१ सेंटीमीटरची उडी, एवढ्यासाठी सायकल बनवली आहे असा त्याचा अर्थ. तुम्हाला तेवढंच हवंय. ‘कंडिशन २’ म्हणजे कच्चे रस्ते आणि १५ सेंटीमीटर, ती टेकडीच्या दगडांची नाही. शेजारीच किती वजन चालतं तो आकडा असतो. त्यात तुम्ही, सायकल आणि पाठीवरची पिशवी सगळं धरतात की नुसते तुम्ही, तेही वाचून घ्या.

ट्रेक मार्लिन, जायंट टॅलन, मेरिडा बिग नाइन, स्कॉट ॲस्पेक्ट ही घराणी बघायला हरकत नाही. पण एकाच नावाखाली चार-पाच पायऱ्या असतात आणि दरवर्षी पार्ट बदलतात. मित्राकडे अमुक आहे म्हणून तीच उचलू नका, समोरच्या सायकलचाच पार्टांचा कागद मागा.

बावधनची

काकांच्या यादीत एक भर. टेकडीवर बाभळीचे काटे आहेत आणि उन्हाळ्यात ते वाटेवर पसरलेले असतात. रिम आणि टायर ट्यूबलेसला चालणारे असतील तर पहिल्याच महिन्यात करून घ्या. काटा काढला की टायरमधलं सीलंट (चिकट द्रव) भोक बुजवतं, थांबावं लागत नाही. फक्त आपल्याकडच्या उन्हात ते सुकतं, दोन-तीन महिन्यांनी परत घालावं लागतं. ट्यूबच ठेवणार असाल तर तुमच्या वजनाला मागे हवेचा दाब ३० पीएसआयच्या खाली नेऊ नका. दगडाच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

आणि माप! पाच अकराला काही कंपन्यांची एम बसते, काहींची एल. दोन्हींवर बसून, उभं राहून, हँडल पूर्ण वळवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. ऑफर लहान मापावर आहे म्हणून ती घेतलेले लोक वर्षभर पाठ धरून बसतात.

एक विनंतीही आहे. मोठ्या पावसानंतर एक-दोन दिवस टेकडीच्या पायवाटांवर सायकल घालू नका. ओल्या मातीत चाकाची चर पडते, पुढचा पाऊस त्याच चरीतून वाहतो आणि वाट उखडते. सकाळी चालायला येणाऱ्यांत खूप आजी-आजोबा असतात. वळणाआधी घंटी वाजवा आणि त्यांच्याजवळून जाताना वेग कमी करा. आपल्याला ही टेकडी अजून खूप वर्षं हवी आहे.

वारजेकर

काका, ताई, मनापासून आभार. घरच्या सायकलचं चाक काढून बघितलं. खाचा जागेवरच थांबल्या. फ्रीव्हील!

शनिवारी दुकानं फिरलो. दोन पसंत आहेत, दोन्ही २९, दोन्ही कॅसेटवाल्या, हायड्रॉलिक ब्रेक, टेपर्ड हेडट्यूब. पहिली यंदाची : १०० मिमी स्प्रिंगचा फोर्क, पुढे ३ मागे ८ चक्रं, साधे क्विक रिलीज (खटक्याने आवळायचे एक्सल), बजेटमध्ये आरामात. दुसरी मागच्या वर्षीची, एल माप (बसून बघितलं, छान वाटली) : १२० मिमी एअर, पुढे एकच ३० दात्यांचं, मागे १० चक्रं ११ ते ४६, पुढे १५ मिमीचा थ्रू-एक्सल (फोर्कमधून आरपार जाणारा जाड एक्सल), मागे क्विक रिलीज. ही ५५ ला अगदी टेकते. पुढे एकच चक्र असलं तर सिंहगड चढेल का?

चाकबांधणी

दुसरी. आनंदाने घ्या.

चढाचं गणित सोपं आहे. पुढे ३०, मागे ४६, म्हणजे पॅडलच्या एका फेऱ्याला चाक जेमतेम ०.६५ फिरतं. पहिलीला पुढचं लहान चक्र २२ आणि मागचं मोठं ३२ धरलं तर ०.६९. म्हणजे पहिलीपेक्षाही थोडा हलकाच गिअर मिळतोय, तोही पुढचा डिरेलर (चेन चक्रांवर सरकवणारा भाग) न सांभाळता. सिंहगडच्या घाटात जिथे उभा चढ लागतो तिथे दोन गिअर टाकून बघण्यापेक्षा एकाच हाताने काम होणं बरं. तोटा उताराला आणि हायवेला, पाय लवकर मोकळे फिरायला लागतात. तुम्ही पायवाटेचे आहात, तुम्हाला काय करायचंय. मागच्या डिरेलरला क्लच आहे का विचारा, असेल तर दगडांवर चेन फडफडत नाही आणि पडतही नाही.

मागे क्विक रिलीज आहे ते चालेल. फ्रीहब असल्यावर १० मिमीचा एक्सल तुमचं वजन पेलतो. फक्त त्याचा खटका घट्ट लावा, बंद करताना तळहातावर वळ उमटला पाहिजे.

मागच्या वर्षीची आहे, तर छापील किंमत कधीची ते बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या स्टिकरवर हिशोब करत असतील तर बिलावर ५ च लावायला सांगा. त्या फरकात शॉक पंप येईल, तो घ्याच.

डिस्कवर ‘रेझिन पॅड ओन्ली’ असं कोरलेलं असेल तर पुढे मेटलचे पॅड घालू नका, डिस्क खाल्ली जाते. पानशेतच्या चिखलात रेझिन पॅड भराभर झिजतात, पावसाळ्यात एक जोडी घरात ठेवा. फोर्कच्या खालच्या नळ्या साधारण ५० तासांच्या वापरानंतर उघडून तेल बदलून घ्यायचं, हे दुकानदार सांगणार नाहीत.

सायकल आली की टेकडीवर नेण्याआधी चाकं घेऊन या, ताण बघून देतो. पहिल्या काही फेऱ्यांनंतर स्पोक जागेवर बसतात, तेव्हा परत एकदा आणा.